फोर्कलिफ्टवरचा फोटो

यवतमाळच्या बसस्टँडवर मला सोडायला आई एकटीच आली होती. बाबा त्यांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानातून उठलेच नाहीत. "पोरीच्या जातीनं येवढ्या लांब कायले जावं?" एवढं म्हणून त्यांनी माझ्याशी बोलणं बंद केलं होतं. गाडी सुटताना आई म्हणाली, "वेळेवर जेवत जाय," आणि तोंडाला पदर लावला.

पुण्यात हडपसरच्या एका गोदामात आधी पॅकिंगला लागले. मग ट्रेनिंग घेऊन फोर्कलिफ्ट, म्हणजे जड खोकी उचलून रचणारी गाडी, चालवायला शिकले. आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणे, "म्हंजे स्कूटी का वं?" मागून बाबांचा खोकला ऐकू यायचा. पण ते फोनवर यायचे नाहीत.

आमच्या सुपरवायझर मॅडम कर्वेनगरच्या. एकदा त्यांनीच माझा फोटो काढला. पिवळं हेल्मेट, हात स्टिअरिंगवर, पुढे खोक्यांची चळत.

"हसा जरा. हसल्याचे पगारातून कापत नाहीत."

मला खरंच हसू फुटलं. तो फोटो मी भावाला पाठवला.

पुढचं त्याच्याकडून कळलं. बाबांनी ऑइलचे हात पुसून फोन घेतला, फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. "हे येवढी मशीन हे एकटी चालवते?" दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्याची प्रिंट काढून दुकानात लावली. पंक्चर काढायला येणारा प्रत्येक जण विचारायचा आणि बाबा हातातलं काम टाकून सांगायचे.

शेजारचे सुदामकाकाही तो फोटो रोज बघत. बारावी झालेल्या त्यांच्या सोनालीसाठी स्थळं बघणं सुरू होतं. एका रविवारी मला चक्क बाबांचा फोन आला.

"सुदाम इचारून रायला, सोनालीले तिकडं काम भेटन का? तू हायेस म्हणून पाठवतो म्हणते." मग जरा थांबून, "तू बरी हायेस ना?"



आता सोनाली माझ्याच खोलीवर राहते. पहिल्या आठवड्यात रडवेली होऊन म्हणाली, "फोटोत तर तू किती खुश दिसत होतीस!" खरं होतं ते. पण पाठीची कळ आणि संध्याकाळचं एकटेपण फोटोत कुठलं दिसायला? ते तिला मी नंतर सांगितलं. तरी ती परत गेली नाही.

फोटोनं जग बदलतं म्हणतात. मोठ्या जगाचं मला माहीत नाही. आमच्या गल्लीतले दोन बाप मात्र बदलले.

यंदा दिवाळीला गावी गेले होते. आईशी बोलता बोलता तोंडून निघून गेलं, "परवा घरी पोचले की फोन करते." आईचे हात थांबले. आपण काय बोलून बसलो!

मग ती उठली, डबे काढू लागली. पाठमोरीच म्हणाली, "तुया घरी चिवडा किती देऊ? सोनालीले पण लागन."