संगमेश्वरकडच्या माणसाला दिलेला पासवर्ड

ऑफिसच्या सर्व्हरचा पासवर्ड मी फोनवर एका अनोळखी माणसाला अक्षर न् अक्षर सांगितला. तेही नेटवर्क सिक्युरिटीच्या परीक्षेला आठ दिवस उरले असताना. आज आजी झाले, तरी आठवलं की त्या पंचेचाळिशीतल्या बाईच्या, म्हणजे माझ्याच, पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो.

मीरा रोडच्या आमच्या ऑफिसातून परीक्षेला मी एकटीच बसणार होते. पास झाले की टायपिंग सुटणार आणि कॉम्प्युटर रूम माझ्या ताब्यात येणार. बाईसाहेबांचा तोरा काय विचारता. भाजी निवडताना फायरवॉल, पोळ्या लाटताना एन्क्रिप्शन. ‘पासवर्ड कुणालाही सांगू नये’ या वाक्याखाली तर मी पुस्तकात लाल पेनाने दोन रेघा मारल्या होत्या.

फोनवरचा म्हणाला, “हेड ऑफिसच्या कॉम्प्युटर विभागातून बोलतोय. सर्व्हर तपासायचाय, पासवर्ड द्या.”

“फोनवर देत नाही,” मी ठणकावलं. इथवर पैकीच्या पैकी मार्क.

“बरं, ऱ्हाऊ दे मग.”

त्या ‘ऱ्हाऊ दे’ने मी विरघळले. “तुम्ही संगमेश्वरकडचे का हो?”

“व्हय तर, ताई. संगमेश्वरचाच.”

झालं. माहेरचा माणूस. पासवर्ड दिला, वर “पहिलं अक्षर मोठं हां, दादा” हेही सांगितलं.

दुपारपर्यंत आमच्या नावाने सगळ्या गिऱ्हाइकांना घाणेरड्या मेल गेल्या. मी लगेच कबूल केलं. साहेबाने सगळ्यांदेखत परीक्षेच्या अर्जावरचं माझं नाव खोडलं. म्हणाला, “हे बायकांचं काम नाही.” ह्याचा स्वतःचा पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीवर, चहावालासुद्धा वाचायचा. आणि मी खाली मान घालून उभी. तोंडात काय मूग होते माझ्या? चूक मी केव्हाच माफ केली, ती खाली घातलेली मान अजून नाही.

घरी येऊन पुस्तक आपटलं. सासूबाई कोलंबी सोलत होत्या. त्यांनी आधी पासवर्ड म्हणजे काय, ते विचारून घेतलं. किल्ली, मी म्हटलं. मग सगळं ऐकलं आणि हात न थांबवता म्हणाल्या, “गावाचं नाव तूच त्याच्या तोंडात घातलंस. वाडी कुठली, घर कोणाचं, एवढं विचारल्याबिगर आपण दारातल्याला पाणी देत नाय. उद्या सायबाला सांग, सासू म्हणते, सुनेला जमत नसेल तर परीक्षेला मी बसते.”