ताई बसल्याशिवाय

मुलींच्या होस्टेलच्या मेसमध्ये मी सोळा वर्षं भाकऱ्या थापल्या. फुटबॉलशी माझा संबंध आला तो एवढ्याचसाठी, की पोरींची टीम बाहेरगावी निघाली की बरोबर कुणीतरी बाईमाणूस लागायचं. खेळाचे सर म्हणायचे, "मावशी, चला." मी लिंबं, पाण्याचा जार आणि दशम्यांची पिशवी घेऊन जीपमध्ये पुढं बसायची. कुणी शिकवलं नाही मला, पण रेषेबाहेर बसून बसून खेळ कळायला लागला बघा.

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या पोरी गोल फारसे खायच्या नाहीत, पण करायच्याही नाहीत. वर्षभरात एकसुद्धा नाही. शेवटी प्राचार्यांनी सरांना सांगून टाकलं, जिल्ह्याच्या सामन्यात गोल दिसला नाही तर पुढच्या वर्षीपासून मुलींची टीम बंद.

हे लागलं ते आमच्या कॅप्टनला. कर्जतकडची पोर, शेवटच्या वर्षाला. तिनंच तर टीम जमवली होती, एकेकीच्या घरी जाऊन, ओसरीवर बसून, बापाला शब्द देऊन. भाकरीसाठी ताट पुढं करत म्हणाली, "मी तर जानारच हाय मावशी. पन टीम गेली तर ह्या पोरींना घरी बोलवून घेत्याल. मी काय तोंड दाखवू?"

सरांनी काय कमी केलं? पहाटे पळवलं, गोलपुढं उभं करून बॉल मारून घेतले. सरावात सगळ्याजणी धडाधड गोल करायच्या. सामना आला की गोलपुढं जाऊन थिजायच्या आणि बॉल कॅप्टनकडं द्यायच्या. ती कुठं का असेना! समोरच्या टीमनंही ते ओळखलं. दोघी तिला चिकटून उभ्या राहायच्या, की संपलं.

एका रविवारी दुपारी कॅप्टन पाय मुरगळला म्हणून खोलीवर मिठाच्या पाण्यात पाय घालून बसली होती. मी ताटं वाढली. पोरी हात मांडीवर ठेवून गप्प. सोनईची पहिल्या वर्षाची पोर, टीममध्ये सगळ्यात चपळ, भुकेनं कासावीस झालेली.

"जेव की गं," मी म्हटलं.

"ताई येऊ दे की मावशी." आणि मान वळवून दाराकडं बघत बसली.

ते मान वळवणं मी आधी पाहिलं होतं. चारच दिवसांपूर्वी हीच पोर मोकळ्या गोलपुढं, बॉल पायाशी, आणि अशीच मान वळवून ताईला शोधत होती. माझा हात भाजीच्या डावावरच राहिला. कारण हा नियम माझाच. मागं एकदा नव्या पोरींनी भाजी संपवली आणि मोठ्या पोरी कोरडी भाकरी खाऊन उठल्या, तेव्हापासून मीच दम भरला होता, ताया बसल्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही.

सरांना सांगितलं तर हसले. "मावशी, जेवणाचा नि फुटबॉलचा काय संबंध?" मग हसायचे थांबले.

कॅप्टनला सांगणं जड गेलं. ती ऐकून नखानं ओटा खरवडायला लागली.

"म्हंजे माझ्यामुळं गोल हुईना."

"तुझ्यामुळं नाही बाई. सवय मी लावली."

"पन बॉल मी घेतच हुते ना. मला बरं वाटायचं, मावशी."



दुसऱ्या दिवशी तिनं आपण होऊन सरांना सांगितलं, मला मागं खेळवा. मैदानावर कुणी कुणाला ताई म्हणायचं नाही, शर्टावरच्या नंबरानं हाक मारायची, हेही तिनंच ठरवलं. मी मेसचा नियम मोडला, येईल तिनं जेवायला बसायचं. पहिले दोन दिवस पोरींच्या घशाखाली घास उतरेना. सुप्याची गोलकीपर तेवढी जिभेची तिखट. सोनईच्या पोरीकडं बोट करून म्हणाली, "मावशी, दहा नंबरला भाकरी वाढा, दहा नंबर रुसलाय." दारात उभी कॅप्टन हसली, पण जेवायला मुद्दाम सगळ्यांच्या शेवटी बसली.

जिल्ह्याच्या सामन्यात दोन गोल आमच्यावर चढले. वेळ संपत आली तेव्हा कॅप्टननं मागून लांब बॉल दिला. सोनईची पोर तो घेऊन गोलपुढं पोचली आणि थांबली. मान वळवलीच तिनं.

"माझ्याकडं बघू नको!" कॅप्टन एवढ्या मोठ्यानं ओरडली की रेफरीसुद्धा दचकला. "मार!"

पोरीनं मारला. नडगीला लागून वेडावाकडा, सरपटत खांबाच्या आत गेला. सामना आम्ही हरलो. पण टीम राहिली. परत आल्या आल्या सरांनी टीमच्या कागदावर प्राचार्यांची सही आणली.

कॅप्टनच्या नावावर मात्र शेवटच्या वर्षात एकही गोल नाही.

त्याच दिवशी दिवेलागणीला मी ताटं वाढली. ती बाहेर नळावर बूट धूत होती. आत एकीनंही ताटाला हात लावला नाही. नियम मोडलाय गं, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं.

ओल्या हातांनी ती आत आली. "काय गं, समद्यांचा उपास हाय का?"

"बस की ताई," सोनईची म्हणाली.

ती बसली. भाकरी मोडून घास तोंडात घातला, आणि कितीतरी वेळ मान वर केली नाही. भाजी गार झाली होती. मी गरम करायला उठले नाही.