नाकवाली मावशी आणि देवदाराचं तेल

मालिश केंद्रात सगळे तिला नाकवाली मावशी म्हणत. तेल शुद्ध की भेसळीचं, हे ती बूच काढता काढता सांगायची. बाकीच्या बायका बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत. मावशी म्हणायची, "देवाने नाक काय नुसतं चष्मा अडकवायला दिलंय?" देवदाराच्या लाकडाचं तेल तिचं लाडकं. वाटीभर साध्या तेलात मोजके थेंब, आधी कोपराच्या आत लावून बघायचं आणि गरोदर बाईच्या अंगाला मुळीच नाही, हे नव्या मुलींना तीच दटावून शिकवी.

लेकीला सातवा महिना. पाठ भरून आली म्हणून ती आईकडे आली, त्यात तिचं नाक सर्दीने चोंदलेलं. मावशीने फडताळातली एक बाटली काढून हुंगली. वास नाही, म्हणजे साधं तेल. लेकीची पाठ तिने जीव लावून चोळली.

तेवढ्यात जावई आला आणि दारातच थबकला. "अहो आई, केवढा हा देवदाराचा घमघमाट!"

मावशीने बाटली पुन्हा नाकाशी नेली. काही नाही. दुसरी उघडली, तिसरी उघडली. एकीचाही वास येईना. केंद्रात बाटल्यांच्या जागा हाताला पाठ होत्या, म्हणून नाक कधी गेलं ते कळलंच नव्हतं. इकडे लेकीच्या पाठीवर लाल चट्टे उठू लागले होते.

मावशीने घाईघाईने साबणाने तिची पाठ धुतली. "आई, बाळ हलत नाहीये गं," लेक म्हणाली आणि मावशीने जावयाला रिक्षा आणायला पिटाळलं. दवाखान्याच्या वाटेवर ती मनात एकच घोकत होती, माझं काय व्हायचं ते होऊ दे, बाळाला काही नको.

डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र टेकवलं. आधी नुसती खरखर. मग ठोके ऐकू आले, भराभर, घाईत असल्यासारखे.

"बाळ छान आहे, झोपलं असेल. चट्टेही उतरतील. पण असली तेलं आता लांबच ठेवा."

मावशी बाकावर मटकन बसली आणि हमसून हमसून रडली.

घरी आल्यावर तिने जावयाला समोर बसवलं. तो एकेक बाटली हुंगून नाव सांगे, ती चिठ्ठी चिकटवे.

"पुरे गं आता," लेक म्हणाली. "बाळाची मालिश तूच करायची आहेस."

"करीन की," मावशी म्हणाली. "त्याच्या टाळूचा वास कसा येतो, तेवढं मात्र तू मला सांग."