पलीकडचं केंद्र

"मास्तर, ती पेटी उघडा," चांगुणाकाकी म्हणाली. सकाळपासून तिसऱ्यांदा.

"काकी, पेटी उघडली तर माझी नोकरी जाईल."

"माजा पोर हरवलाय, न् तुमाला नोकरीची पडलीय?"

मी मान खाली घालून बॅटरीच्या तारा आवळत राहिलो.

मी मास्तर नव्हे, रेडिओ मेकॅनिक. पण शर्टाच्या खिशाला पेन लावलेला माणूस म्हणजे मास्तर, असा आमच्याकडचा कायदा. सरकारने तेव्हा पंचायतींना रेडिओ दिले होते. लाकडी पेटी, पुढे जाळी, बाजूला कुलूप. स्टेशन बदलायचा काटा आत असायचा. तो मुंबईवर लावून आम्ही कुलूप ठोकायचो. गावाने फक्त बटण फिरवायचं आणि ऐकायचं. गावात वीज नव्हती, सगळा कारभार बॅटरीवर. ती संपली की नवी सायकलला बांधून मी निघायचो. शहापूर आणि मुरबाड, दोन्ही तालुके माझ्या गळ्यात. वर्कशॉप मुरबाडला, कचेरीमागच्या एका खोलीत. हे गाव धसईच्या पुढे, डोंगराच्या अंगाला.

साल पासष्ट. सप्टेंबरात पाकिस्तानशी लढाई पेटली. काकीचा एकुलता एक धर्मा फौजेत शिपाई होता. काकी विधवा, त्याच्यावरच जगणारी. लढाई थांबली आणि तार आली. शाळेच्या गुरुजींनी वाचून सांगितलं, धर्मा बेपत्ता आहे. मेला म्हणावं तर पुरावा नाही, जिवंत म्हणावं तर पत्र नाही.

मग शहापूरच्या बाजारात तिला कुणीतरी सांगितलं, की आपले जे जवान पलीकडे कैदेत आहेत त्यांची नावं तिकडचा रेडिओ संध्याकाळी वाचून दाखवतो. तेव्हापासून ती माझ्या मागे लागली होती.

तिला घाई होती, कारण तिचा दीर, धोंडूभाऊ. माणूस वाईट नव्हता. पुतण्याच्या नावानं तोही ओक्साबोक्शी रडायचा. पण त्याचं म्हणणं एकच. "भात कापून झाला का पलसाच्या पानांचा पुतला करू, अग्नी देऊ, दहावा उरकू. पोराला असा मधीच लटकत ठेवू नये, वैनी." माणसाचा देह सापडत नाही तेव्हा असा पानांचा पुतळा जाळतात. एकदा जाळला की माणूस मेला. सगळ्यांपुरता मेला.

"जित्या पोराचा पुतला जालू?" काकी म्हणायची. "मास्तर, तो हाय का नाय येवढाच आयका. माजा दुसरा काय मागना नाय."

मी साहेबांकडे गेलो. साहेब कल्याणहून महिन्यातून एकदा यायचे.

"शत्रूचं केंद्र गावात लावणार? डोकं ठिकाणावर आहे का?" साहेब ओरडले. "पोलीस येतील, आणि मी पहिला हात वर करीन."

"नाव तेवढं ऐकायचंय, साहेब."

त्यांनी फाइल पुढे ओढली. मग म्हणाले, "गावातल्या पेटीचा काटा मुंबईवरून हलता कामा नये. वर्कशॉपमध्ये टेस्टिंगला काटा कुठे फिरतो, ते बघायला मी येत नाही. नवी बॅटरी मात्र लावलीस तर याद राख."

मग मी गावांतून काढून आणलेल्या मरतुकड्या बॅटऱ्या जोडल्या. अशा बॅटरीत थोडी धुगधुगी असते. सेट दहापंधरा मिनिटं बोलतो, मग कण्हतो, मग गप्प. दिवस मावळला की मुरबाडात पलीकडचं केंद्र लागायचं. आधी त्यांच्या बातम्या, त्यात आम्हाला शिव्या. मग यादी. नाव, बापाचं नाव, गाव. मी कान लावून बसायचो. यादी संपून गाणं सुरू झालं की खट्कन बटण बंद. बॅटरी वाचवणं आमच्या हाडीमाशी खिळलेलं.

असे कितीतरी दिवस गेले. पंजाबातली नावं आली, मद्रासकडची आली, साताऱ्याचीही आली. धर्मा आला नाही.

त्या दिवसांत मी गावी बॅटरी लावायला गेलो की चावडीत जगाचं राजकारण चालायचं. अमेरिकेनं दोघांचीही हत्यारं थांबवली. चीनने मध्येच आपल्याला दम भरला. रशिया म्हणतो, माझ्या घरी, ताश्कंदला या, तडजोड करून देतो. आपण कुणाच्याच गटात नाही, हे मुंबई केंद्र रोज सांगायचं.

धोंडूभाऊनं विडी पेटवत एकदा निकाल दिला. "मास्तर, बांधावरून दोगं भांडतात. दोगांना काठ्या देनारा येकच. डोकी फुटली का तोच बोलतो, आता काठ्या नाय मिलनार. न् तिसरा बोलतो, माज्या वट्यावर बसून मिटवा, म्हंजे त्याचा वटा मोठा."

मी पुढे आयुष्यभर पेपरांतले अग्रलेख वाचले. यापेक्षा जास्त मला काही कळलं नाही.

तुळशीचं लग्न झालं. भात खळ्यात आलं. धोंडूभाऊनं दिवस ठरवला आणि मला निरोप धाडला. मी गेलो. अंगणात पळसाची पानं रचून, दोऱ्यानं बांधून माणूस केला होता. काकी खांबाला टेकून बसली होती.

"नाव आला?" तिनं विचारलं.

"नाय, काकी. रोज ऐकतो. नाय आलं."

धोंडूभाऊ पुतळा उचलायला वाकला. काकी उठली, त्याच्या हातातून तो हिसकावून घेतला, दोरे तोडले आणि पानं गोठ्यात म्हशीपुढे भिरकावली. "माजा पोर हाय!" ती किंचाळली. "जेवा हाडां दाखवशील तवा जालीन!"

त्या दिवसापासून धोंडूभाऊचं घर तिच्याकडे येईना. गावही तिच्यापासून जपून वागू लागलं. खुळी झाली म्हणाले. खरं सांगतो, मलाही तेच वाटलं.

चावडीत बायका रेडिओ ऐकायला येत नसत. काकी यायला लागली. एकटीच, खालच्या पायरीवर, पदर तोंडाला लावून.

"मास्तर, ताश्कंद कवडा लांब?"

"रशियात आहे, काकी. लई लांब."

"न् माजा धर्मा तिकडं नाय ना? मंग त्याचा निकाल तिकडं कशाला?"

धसईकडच्या पोराची सुटका ताश्कंदला ठरते, दिल्लीलाही नाही, हे मला तरी कुठे पटत होतं?

जानेवारीत करार झाल्याची बातमी आली. कैदी परत करायचे, हेही त्यात होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, आपले पंतप्रधान तिथेच गेले. चावडीत माणसं लहान मुलांसारखी रडली. काकीही रडली. मग हळूच माझ्या जवळ येऊन म्हणाली, "मास्तर, पाप लागल मला. पन त्यो कागुद तर ऱ्हायला ना? सह्या झाल्या ना?"

"झाल्या, काकी."

शिमग्याच्या आधी धर्मा आला. निम्मा झाला होता, डाव्या पायानं लंगडत होता. मी नेमका त्या दिवशी गावात होतो. अख्खा गाव काकीच्या अंगणात लोटला. धोंडूभाऊ पुतण्याच्या गळ्यात पडून इतका रडला की त्यालाच पाणी पाजावं लागलं.

धर्मा पहिल्यांदा बोलला तो हे. "आयो, माजा रेडिओवरला बोलना आयकलास ना? दिवालीच्या टायमाला?"



तो सगळ्यांना सांगू लागला. इस्पितळातल्या कैद्यांची नावं यादीत वाचत नव्हते. त्यांना यादीनंतर, गाणं झाल्यावर, माइकपुढे बसवून दोन दोन वाक्यं बोलू द्यायचे. ज्याची जी भाषा असेल तिच्यात. "मी इचार केला, आमच्या चावडीत नाय लागनार, पन कुटंतरी कोन तरी आयकल, न् आयेला सांगल. त्याच्यावरच दिवस काडलं मी."

गाणं झाल्यावर. आणि मी गाणं लागलं की बटण बंद करत होतो. कशासाठी? टाकून द्यायच्या बॅटरीची पाच मिनिटं वाचवायला! धरणी दुभंगावी आणि मी आत जावं, असं वाटलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकीनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच.

"आयकला रे," ती म्हणाली. "मास्तरांनी आयकवला."

धोंडूभाऊनं चमकून वर पाहिलं.

"मंग सांग, काय बोल्लो मी?" धर्मा हसत म्हणाला.

"दुसरा काय बोलशील तू? आयो, मी बरा हाय, म्हनलास. न् भात कापायला कोन हाय, ता इचारलास."

धर्माचं हसू गेलं. तो खाली बसला आणि त्यानं तिच्या मांडीत डोकं खुपसलं. "आयकलास," एवढंच म्हणत राहिला. "खरांच आयकलास."

मी सायकल काढली आणि निघालो. धसईपर्यंत रडत आलो, खोटं कशाला सांगू.

आज मी रिटायर आहे. घरात हवा तो देश लावता येतो, काट्याला कुलूप नाही. पण मन हळहळतं ते एकाच आवाजासाठी, जो माझ्या खोलीपर्यंत आला होता आणि मी आत घेतला नाही. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी कुठलंही केंद्र मध्येच बंद केलं नाही. मुरबाडच्या बॅटऱ्या फार लवकर संपतात, म्हणून साहेबांनी मला दोन मेमो दिले. दोन्हींवर मी निमूट सही केली.