पुकारा होण्याआधी

माझा मामा वकिलाचा कारकून. स्वतःच्या लग्नाला तो उशिरा पोचला, हे मामी अजून ऐकवते. अर्ज मात्र त्याने आयुष्यात एकही उशिरा दिलेला नाही. कोर्टात त्याला 'घड्याळराव' म्हणतात, आणि तो चक्क ओ देतो.

त्या दिवशी मात्र घड्याळरावांची धडधड जिन्यापर्यंत ऐकू येत होती. एका शिंपीणबाईंचं भाड्याचं दुकान मालकाला रिकामं करून हवं होतं. खटला ज्या न्यायाधीशांपुढे आला, त्यांनी मागे भर कोर्टात म्हटलं होतं, "भाडेकरू एकदा शिरले की निघत नाहीत!" ते बाईंच्या कानावर आलं होतं. न्यायाधीश बदलून मागायचा हक्क होता, पण सुनावणी सुरू होण्याआधीच. एकदा त्यांच्यापुढे बाजू मांडली, की हेच न्यायाधीश तुम्हाला चालले असं धरतात.

तीनला पुकारा. अडीचला वकीलसाहेब म्हणतात, "आज अंदाज घेऊ. रंग बरा दिसला नाही तर अर्ज टाकू."

"म्हणजे निम्मं ताट संपवून स्वयंपाक आवडला नाही म्हणायचं?" मामा उसळला. "साहेब, आत्ता सही करा!"

साहेबांनी सही केली आणि ते दुसऱ्या दालनातल्या खटल्याला पळाले. राहिली बाईंची सही.

"चष्मा दुकानात राहिला हो!"

मामाने स्वतःचा चष्मा त्यांच्या नाकावर चढवला, सही होताच हिसकावला आणि जिना गाठला. अर्ज घेण्याच्या खिडकीपुढे रांग.

"घड्याळराव, रांगेत या," खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

"ताई, आधी अर्जावर शिक्का मारा, मग हवं तर माझ्या पाठीवर मारा!"

रांग हसली, बाजूला झाली. शिक्का पडला: दोन बावन्न.

मामा धापा टाकत दालनाच्या दारात पोचला, तर पुकारा आधीच झालेला! न्यायाधीश विचारत होते, "दुकान किती वर्षं आहे तुमच्याकडे?" आणि बाईंनी तोंड उघडलंच होतं.

"बाई, गप्प!"

बाई गप्प. मालकाचा वकील गप्प. न्यायाधीशसुद्धा गप्प. मामाने अर्ज पुढे केला.

मालकाचा वकील ताडकन उठला. "साहेब, उशीर झालाय! सुनावणी सुरू झाली!"

न्यायाधीशांनी शिक्का पाहिला. "पुकारा किती वाजता?"

"दोन पंचावन्न," शिपाई म्हणाला.

"आणि या काही बोलल्या?"

"बोलू दिलंच कुठे त्या माणसाने!" मालकाचा वकील तावातावाने म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं.

न्यायाधीशांनी ओठ दाबत लिहिलं: अर्ज वेळेत आहे, खटला दुसऱ्या न्यायाधीशांकडे पाठवावा. कोर्टात ओरडल्याबद्दल मामाला समज मिळाली. ती तो पदक मिळाल्यासारखी सांगतो.

बाहेर आल्यावर बाईंनी विचारलं, "जिंकलो का हो, भाऊ?"

"बाई, आता कुठे खटला सुरू व्हायचाय!"

बाईंनी मान डोलावली, आणि घरी जाता जाता दुकानाची नवी पाटी रंगवायला टाकली.