मुर्रीच्या ओसरीतलं कुलूपमंडळ

पार्सल ऑफिसात नोकरी केलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. ज्या पार्सलाला मालक असतो ते दोन दिवसांत निघून जातं, आणि ज्याला कुणी सोडवायला येत नाही ते कोपऱ्यात पडून राहतं. फेकवतही नाही! माझ्याकडच्या किस्स्यांचं तसंच झालंय. एक-दोन होते तोवर कुणाला तरी सांगून मोकळा व्हायचो. आता इतके साचलेत की बायको म्हणते, "एकदाचे लिहून काढा, म्हणजे जेवताना तरी घरात शांतता राहील!"

तर हे आमच्या कुलूपमंडळाचे किस्से. स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली होती. गोंदिया तेव्हा मध्यप्रदेशात, राजधानी नागपूर, आणि मी गोंदिया स्टेशनवर पार्सलबाबू. दर रविवारी दुपारी जेवणं आटोपली की आम्ही चौघं गोंदियाला लागून असलेल्या मुर्री गावात नामदेवरावांच्या ओसरीत जमायचो आणि कुलपं उघडायचो. चावीशिवाय!

पोटासाठी नाही हो, निव्वळ शौक. कुणी पत्ते कुटतो, कुणी कोंबडे झुंजवतो. आम्ही सायकलचे स्पोक आणि छत्रीच्या काड्या घासून पातळ करायचो आणि कुलपाच्या पोटात घालून बसायचो. भारी कुलपाच्या आत पितळेच्या पट्ट्या असतात, त्यांना लिव्हर म्हणतात. लिव्हर जितके जास्त, तितकं कुलूप हट्टी. एकेक पट्टी नुसत्या बोटाच्या अंदाजानं उचलायची, आणि सगळ्या बरोबर जागेवर आल्या की 'खट्'! त्या एका आवाजासाठी मी दोन-दोन रविवार एकाच कुलपापुढे काढलेत.

नामदेवराव आमचे गुरू. धानाच्या गिरणीत फिटर. दुसरा भैयालाल टेलर, बाजारात दुकान, बोलणं सगळं हिंदीत. तिसरा मी. आणि चौथे मनोहर मास्तर, शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. हात सगळ्यांत हलका मास्तरांचा. बिनलग्नाचे मात्र आमच्यात तेवढे एकटेच! वय एकतीस, घरात म्हातारी आई. लग्न व्हावं असं मास्तरांना फार वाटायचं, आईला तर वाटायचंच, आणि आमच्या या शौकापायी ते जमत नव्हतं. मास्तरांची आई मला बाजारात गाठून म्हणायची, "पार्सलबाबू, तुमी तिघांनी मिळून माह्या पोराले चोर करून टाकला. आता याले पोरगी कोण देईन?" खोटं कशाला सांगू, ते मनाला फार लागायचं.

* * *

सुरुवात झाली नामदेवरावांच्या शेठमुळे. शेठनं गिरणीच्या गोदामासाठी आठ लिव्हरचं कुलूप मागवलं आणि आल्यागेल्याला दाखवत सुटला. "इसको तो बनानेवाला भी नहीं खोल सकता!"

नामदेवरावांना हे सहन होईना. जेवणाच्या सुट्टीत शेठसमोरच मांडी घालून बसले, दोन काड्या आत घातल्या, आणि शेठचं ताक पिऊन होईपर्यंत कुलूप उघडून हातात दिलं. शेठ कुलूप घेऊन आत निघून गेला. सगळ्यांना वाटलं, गेली नामदेवरावांची नोकरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठनं कुलपाची चावीच आणून नामदेवरावांच्या हातात ठेवली.

"मले कायले देता शेठजी?"

"तू बिना चाबी के भी खोलेगा. चाबी से खोलेगा तो कम से कम मेरा ताला तो सलामत रहेगा!"

* * *

गोष्ट गावभर झाली, तशी ठाण्यावरही गेली. ठाणेदार साहेबांनी चौघांनाही बोलावणं धाडलं. भैयालालनं जाण्याआधी देवाला नारळ कबूल केला.

साहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "सुना है तुम लोग गोंदिया में ताले खोलते हो?"

नामदेवराव हात जोडून म्हणाले, "हो साहेब. पण परत लावून देतो!"

साहेब इतके हसले की टोपी खाली पडली. मग त्यांनीच नियम घालून दिला. मालक समोर उभा असल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही, आणि उघडलं की तिथल्या तिथं परत लावून मालकाच्या हातात द्यायचं. आम्ही शपथ घेतली आणि ती इतकी पाळली की विचारू नका! मनोहर मास्तरांच्या हाताला तर अशी सवय लागली की शाळेचं कपाट उघडल्यावर खडू काढायच्या आधीच ते परत लावून टाकायचे. पोरं फळ्याकडे बघत बसलेली आणि मास्तर पुन्हा कपाटापाशी!

* * *

मास्तरांचं पहिलं स्थळ आलं सडक अर्जुनीहून. मुलीचा मामा आधी एकटाच चौकशीला आला. शहाणा माणूस! नवऱ्यामुलाच्या घरी न जाता स्टेशनजवळच्या पानठेल्यावर थांबला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "मनोहर मास्तर म्हणून आहेत ना इथं, कसा माणूस आहे?"

पानवाला आमचा दोस्त. मास्तरांचं भलं करायची अशी संधी तो सोडतो काय? चुना लावता लावता म्हणाला, "अरे साहब, हीरा आदमी है! पूरे गोंदिया में ऐसा ताला नहीं जो उनके हाथ से न खुले!"

मामानं पान तोंडातही घातलं नाही. मिळेल त्या गाडीनं परत गेला.

पानवाला कितीतरी दिवस आम्हाला विचारत होता, "मैंने गलत क्या बोला?" आणि खरंच, एक शब्द खोटा नव्हता!

* * *

मध्ये भैयालालचं सांगून टाकतो, नाहीतर राहून जाईल. भैयालालला गोडाचा भारी नाद. दिवाळीच्या आधी त्याची बायको, म्हणजे आमची भाभी, करंज्या-अनारशांचा डबा कपाटात ठेवून कुलूप लावायची. भैयालाल रोज दुपारी कपाट उघडायचा, चार करंज्या खायचा आणि कुलूप जसंच्या तसं लावायचा. आम्ही म्हटलं, "अरे, मालक समोर पाहिजे असा नियम आहे!" तर म्हणे, "करंजी का मालिक मैं ही हूँ!"

पुढच्या वर्षी भाभीनं कुलूप लावलंच नाही. कपाटाच्या दोन्ही कड्यांत नुसता एक दोरा ओवला आणि गाठ मारली. भैयालालला हसू आवरेना. त्यानं गाठ सोडली, करंज्या खाल्ल्या आणि भाभीनं मारली होती तशीच गाठ मारायला बसला. जमेना! उजवीकडून करून पाहिली, डावीकडून करून पाहिली. संध्याकाळी भाभी आली तेव्हा हा घामाघूम होऊन दोरा हातात धरून बसलेला.

भाभी शांतपणे म्हणाली, "बीस साल से दर्जी हो, और एक गाँठ नहीं बँधती?"

* * *

दुसरं स्थळ तिरोड्याकडचं. या वेळी आईनं पक्का बंदोबस्त केला. घरातली सगळी कुलपं गोळा करून धान साठवायच्या ढोलीत पुरली. आम्हा तिघांना त्या दिवशी घराच्या आसपास फिरकायची बंदी. पण नामदेवरावांना राहवेना, म्हणून मुलाचे काका बनून ते बसलेच. त्यांनीच हे मला सांगितलं.

पाहुणे आले, चहा झाला, बोलणी छान चालली. मुलीचे वडील म्हणाले, "पत्रिका आनली हाय, पाहून घ्या." पिशवी जवळ ओढली, तर पिशवीला छोटंसं कुलूप, आणि चावी राहिली घरच्या सदऱ्यात!

"जाऊ द्या, पोस्टानं धाडतो," पाहुणे म्हणाले.

आईनं मास्तरांकडे डोळे वटारले. मास्तर बिचारे दोन मिनिटं जमिनीकडे बघत राहिले. पण पत्रिका आत, आपलं लग्न आत, आणि वर दोन लिव्हरचं कुलूप! उठले, आईच्या अंबाड्यातला आकडा काढला, आणि खट्. पाहुणे "वा!" म्हणतात न म्हणतात, तोच मास्तरांनी सवयीनं कुलूप परत लावलं आणि दोन्ही हातांनी पिशवी पाहुण्यांपुढे धरली. "घ्या!"

पाहुणे हसून म्हणाले, "अहो, मी अजून पत्रिका कुठं काढली?" मास्तर ओशाळले. पुन्हा आकडा घातला, आणि या खेपेला पहिल्याच्या निम्म्या वेळात उघडलं.

पाहुण्यांनी पत्रिका काढली, नुसती पाहिली आणि पुन्हा पिशवीत ठेवली. आठ दिवसांनी निरोप आला. "पहिल्यांदा वाटलं नशिबानं उघडला. दुसऱ्यांदा समजलं, हात बसलेला हाय!"

* * *

त्यानंतर आईनं अन्न सोडलं. दोन दिवस तिच्या तोंडात घास नाही. तिसऱ्या दिवशी मास्तर मुर्रीला आले ते आपले सगळे स्पोक आणि काड्या फडक्यात बांधून. नामदेवरावांच्या पुढ्यात ठेवून म्हणाले, "हे सांभाळा. आईला शब्द दिला."

रविवारी यायचे मात्र. कोपऱ्यात बसायचे, आमच्या हातांकडे बघायचे. माझी काडी चुकीच्या जागी गेली की त्यांचा नुसता श्वास अडकायचा, बोलायचे नाहीत. एकदा मी म्हटलं, "मास्तर, शौक आम्ही सगळेच सोडतो." तर एकदम चिडले. "काऊन? माझं लग्न होऊन नाही राहिलं तर तुमचे रविवार कायले बिघडवता?" असा माणूस! त्या दिवशी कुणाचंच कुलूप उघडलं नाही.

* * *

तिसरं स्थळ सालेकशाचं. आईनं ते मुद्दाम लांबचं, जंगलातलं शोधलं होतं, मास्तरांची कीर्ती जंगलापर्यंत गेली नसेल म्हणून. सोबत मला घेतलं, कारण पॅसेंजरमध्ये जागा मिळवून द्यायला पार्सलबाबू बरा पडतो. डब्यात बसल्या बसल्या तिनं मला दम भरला, "बाबू, ताला हा शब्द जरी तोंडातून काढला तर पाह्य मंग! हे शेवटचं स्थळ हाय. आता माह्यानं होत नाही."

मास्तर खिडकीबाहेर बघत होते. मी मनाशी ठरवलं, आज आपण मुके!

मुलीचे वडील महादेवराव, तेंदूपानाच्या ठेकेदाराचं गोदाम सांभाळायचे. आम्ही पोचलो तेव्हा ते घरी नव्हते. आम्ही लाकडी तक्तपोसावर बसलो, पोहे आले, आणि तेवढ्यात महादेवराव घाईघाईनं थेट गोदामावरून आले. "राम राम! गाडी आज वेळेवर आली म्हना!" असं म्हणत त्यांनी हातातली वस्तू पोह्यांच्या बशीशेजारी ठेवली.

कुलूप! कवठाएवढं. काळं, जुनं, भारी. दिवसा गोदाम उघडं असलं की त्याचं कुलूप ते घरीच आणून ठेवायचे म्हणे.

आईच्या घशात पोहे अडकले. मी तिला पाणी दिलं. मास्तरांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि छताकडे बघायला लागले. महादेवराव आपले बोलतायत, यंदा पान कसं आलं, मोहाला भाव कसा. करदोड्याला बांधलेली चावी त्यांच्या बोलण्याबरोबर हलत होती.

मुलगी आली. नाव यमुना. सावळी, उंच, खाली मान घालून बसली. आईनं विचारायचं ते विचारलं. स्वयंपाक, शिवण, धानाच्या रोवणीला जातेस का. मुलीची उत्तरं नेमकी आणि थोडक्यात. आईचा चेहरा जरा मोकळा झाला. मलाही वाटलं, जमतंय!

"मास्तर, तुमीबी विचारा ना काई," महादेवराव म्हणाले.

मास्तरांनी खाकरून घसा साफ केला. "शाळा किती झाली?"

"सातवी."

महादेवराव कौतुकानं म्हणाले, "अजून विचारा. लाजता कायले?"

मास्तर छताकडून भिंतीकडे आले, भिंतीकडून पोह्यांकडे. मी देवाचं नाव घेतलं. पण त्या माणसाचे डोळे जिथं जायचे तिथंच गेले, आणि तोंडातून निघून गेलं, "हा ताला... किती लिव्हरचा आहे?"

आईनं डोळे मिटले. संपलं, मी मनात म्हटलं. आता पुढची गाडी किती वाजता, एवढंच.

महादेवराव हसायला लागले. "घ्या! आता तिले काय मालूम मास्तर, ते तं..."

"सात," यमुना म्हणाली. मान खालीच. "पन चवथा घासला हाय. त्याले जराकच उचला लागते. जास्त उचलला का अडकते."

महादेवरावांचं हसू जागच्या जागी थांबलं. त्यांनी करदोड्याची चावी चाचपली, कुलपाकडे पाहिलं, मग पोरीकडे.

"चाबी तं दिवसरात माह्या कमरेले रायते," ते हळूच म्हणाले. "तुले कसं मालूम वं?"

यमुना पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

आईनं डोळे उघडले. मुलीकडे पाहिलं, कुलपाकडे पाहिलं, मग आपल्या लेकाकडे पाहिलं. हातातली बशी खाली ठेवली आणि पदरानं तोंड पुसलं.

"पंचांग आना भाऊ," ती म्हणाली. "पोरगी पसंत हाय."