आबांचा उजवा हात

आमच्याकडे पाहुणे आले की चहाचा कप हातात घेण्याआधीच विचारतात, "मग, आबांचं नवीन काय?" माझ्या तब्येतीचं नाही, आमच्या तान्ह्या नंदाच्या दातांचं नाही, आधी आबा! एकाला किस्सा सांगावा तर तो दुसऱ्याला सांगतो, दुसरा त्यात पदरचं घालतो, आणि महिन्याभरानं तोच किस्सा बाजार फिरून माझ्या दारात येतो तेव्हा मलाच ओळखू येत नाही. त्यात मला रंगवून सांगणं जमत नाही. मी शेवट आधी सांगून टाकते, असं आमच्या ह्यांचं म्हणणं. म्हणून लिहून ठेवतेय. लिहिलेलं निदान खोडता तरी येतं.

*

आबा म्हणजे बारामतीचे जादूगार, प्रोफेसर आबाजीराव. मूळचे कन्हेरीचे, घरची मेंढरं राखणारे. पोरवयात जत्रेत एका गारुड्याचा खेळ बघितला आणि मेंढरं थोरल्या भावाच्या गळ्यात घालून त्याच्यामागं निघून गेले. तो गारुडी जमिनीवर खेळ करायचा. घोंगडी अंथरलेली, चारी बाजूंनी माणसं, ना पडदा, ना टेबल. "आता समदं सोपं झालंया," आबा म्हणतात. "स्टेजला तीन बाजूंनी झाकत्यात आन् मग म्हणत्यात जादू!"

पुढे शहरांतून कोट-हॅटवाले जादूगार आले. प्रत्येकाच्या बोर्डावर 'प्रोफेसर'. मग गावांनाही प्रोफेसरच हवा झाला. आबांनी जुन्या बाजारातून काळा कोट आणला, पण धोतर आणि फेटा सोडला नाही. त्यांचा ढोल वाजवणारे गुलाबभाई पहिल्याच दिवशी म्हणाले, "आबा, मधनं प्रोफेसर, वरनं-खालनं मेंढपाळ!"

आबा म्हणाले, "मग बरूबर हाय. लोकं यायला कोट लागतो. राखायला मेंढपाळच लागतो."

गुलाबभाई नुसता ढोल वाजवत नाहीत. पेटीत घालून दोन तुकडे करायला बाई मिळत नाही, म्हणून ते मिशा काढून माझं नऊवारी नेसतात. हँडबिलात त्यांचं नाव 'मिस गुलाब'! आमचे हे शाळेत ड्रॉईंग मास्तर. आबांचे पडदे रंगवता रंगवता शिष्य झाले. आणि मी व्हर्नाक्युलर फायनल पास, म्हणून हँडबिलांचा मजकूर माझ्याकडे, आणि कोटातले चोरखिसेही माझ्याकडेच. त्या दोन्हींचा काय संबंध हे मला अजून कळलेलं नाही.

प्रॅक्टिस आमच्या बाहेरच्या खोलीत होते. कारण काय, तर आमच्या दाराला आतून कडी आहे!

*

नंदा दोन महिन्यांची होती तेव्हाची गोष्ट. मी आबांच्या बाहीचं माप घेत होते आणि टेप थरथरत होती. मला वाटलं, माझाच हात. बाळंतपणापासून मला कशाचीही धास्ती वाटायची. पाळण्याची दोरी तुटेल, आबांचं खेळातलं कबुतर नंदाच्या डोळ्याला चोच मारेल, एक ना दोन. मी टेप सोडून दिली. आबांच्या मनगटावर लोंबणारी टेप तरीही थरथरत होती.

"आबा, तुमचा हात!" मी ओरडलेच.

हे माझ्याकडे बघायला लागले. गुलाबभाई ढोलाकडे. बोलायला नको होतं, हे मला बोलून झाल्यावर कळतं, नेहमीसारखं.

आबा शांतपणे म्हणाले, "मास्तरीणबाई, तुमची नजर भित्री. भित्र्या नजरंला समदं आदी दिसतं. लोकांना दिसायला अजून सा-आठ महिनं हायेत." मग ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "बघणाऱ्याच्या ध्यानात आलं की त्या दिशी माझा खेळ बंद, म्होरं तुमचा. पेटी तुमची, मास्तर."

ह्यांचा चेहरा पांढरा पडला. ह्यांचे हात आबांच्या तोडीचे आहेत, आबाच म्हणतात. पण स्टेजवर हे असे उभे राहतात, जसा वर्गात इन्स्पेक्टर आलाय!

डॉक्टरांनी आबांच्या सत्तरीचं कारण सांगितलं. औषध नाही म्हणाले. तेव्हापासून आम्हा सगळ्यांचा एकच उद्योग, आबांचा उजवा हात झाकणं. मी बाही चार बोटं लांब केली. हात थरथरला की गुलाबभाई ढोल बडवायचे. आणि मी पडद्यामागे नंदाला पोटाशी धरून पुटपुटायची, आजचा दिवस जाऊ दे.

*

नंदा रांगायला लागल्यावर एकदा प्रॅक्टिसनंतर हे लाल चेंडू मोजायला लागले. बोराएवढे, कापडी, नेहमी तीन असतात. दोनच भरले. आणि नंदा तोंड हलवत होती!

मी काय केलं ते सांगत नाही. शेजारच्या तीन घरांनी बघितलंय, तेवढं पुरे.

आबा उठले, नंदाच्या तोंडात बोट फिरवलं, तिला भाकरीचा मऊ तुकडा दुधात कुस्करून भरवला. तिनं मिटक्या मारत खाल्ला. मग तो थरथरता हात तिच्या कानामागं गेला आणि लाल चेंडू घेऊन बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी पिठाचा डबा उघडला, तर आत लाल चेंडू!

मी तशीच आबांकडे गेले. "म्हणजे कालचा चेंडू दुसराच होता? आणि हिनं खरंच गिळला असता म्हणजे?"

"गिळला आसता तर भाकरी गेली आसती व्हय आत? ते मी आदी बघितलं."

"मग मला तेवढंच सांगायचं!"

"तुमाला ऐकू येत हुतं का?" आबा म्हणाले. "भ्यालेल्या आईला आदी चेंडू दावायचा. समजूत दुसऱ्या दिशी."

*

आबांच्या खेळात एक तांब्या आहे. पालथा करून रिकामा करायचा, आणि दर खेळानंतर उचलला की पुन्हा पाणी. इंदापूरकडे, कालवा पोचत नाही अशा एका गावात हा खेळ चालला होता. तांब्या उचलताना आबांचा हात जोरात थरथरला आणि पाणी फळ्यांवर सांडलं. गुलाबभाईंनी ढोल बडवला, पण उशीर झाला होता. सगळं गाव 'अरारारा!' करून उठलं.

मला वाटलं, संपलं, लोकांनी बघितलं!

एक म्हातारी कमरेवर हात ठेवून पुढं आली. "ओ प्रोफेसर, वतायचंच हाय तर घागरीत वता की! जिमिनीला काय जादू कळती?"

घागर आली. आबांनी दर खेळानंतर तांब्या तिच्यात ओतला. टाळ्या बंदच झाल्या. लोक नुसते घागरीत वाकून बघत होते. शेवटी म्हातारीनं निम्मी घागर कमरेवर घेतली, निघताना म्हणाली, "उद्या बी या. बाकीचं काय न्हाय केलं तरी चालंल."

परतताना गाडीत गुलाबभाई म्हणाले, "येवढी माणसं, आन् हात येकानंबी बघितला न्हाय!"

आबा हसले नाहीत. "तहान लागल्याव कोण हात बघतंय?" तेव्हापासून त्या बाजूच्या गावात आमची पहिली मागणी टेबलाची नसते. घागरीची असते.

*

बारामतीजवळच्याच एका वस्तीवर मिस गुलाबचे दोन तुकडे झाले, पुन्हा एक झाले. खेळ संपतोय तोवर एक बाई खण-नारळ घेऊन थेट स्टेजवर. मरणातून परत आलेल्या पोरीची ओटी भरल्याशिवाय ती कशी जाऊ देणार!

गुलाबभाईंनी माझा पदर पुढं केला. कुंकू लागलं, नारळ पडला.

"पोरी, सासर बरं हाय ना?"

आवाज काढला तर सगळंच बाहेर पडणार. गुलाबभाईंनी नुसती मान हलवली आणि डोळे टिपले.

बाई आबांकडे वळली. आबांच्या हातात अजून करवत होती आणि ती लटलट हलत होती. बाईनं बघितलं! तिनं तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "लेकीला चिरायचं म्हणल्याव हात लटलटायचाच. बापाचं काळीज हाय. किती दिस करणार आसलं काम?"



वाटेत मी भीत भीत विचारलं, "आबा, तिच्या ध्यानात आलं. म्हणजे आता..."

नारळ सोलता सोलता गुलाबभाई म्हणाले, "कुठं आलं? तिला काळीज दिसलं. हात न्हाय दिसला."

आबांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "बरूबर. ह्यो न्हाय धरायचा."

*

वालचंदनगरच्या वसाहतीत मात्र मला खात्री होती, इथं धडगत नाही. रविवारची दुपार, पुढच्या रांगेत यंत्रांची माणसं. इंजिनियर, फिटर, ड्राफ्ट्समन. दिवसभर बोल्टचे आटे तपासणाऱ्यांना हाताचा कंप दिसणार नाही?

दिसला. आबांनी रिकाम्या पिशवीतून अंडं काढायचा खेळ सुरू केला, आणि उजवा हात असा थरथरायला लागला की बाहीही हलायला लागली. पहिली रांग पुढं झुकली. गुलाबभाईंचा ढोल कुणी ऐकलाच नाही. अंडं आलं. दुसरं आलं. तिसरं! लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि पुढच्या रांगेत भांडण जुंपलं होतं.

खेळ झाल्यावर चष्मेवाले एक इंजिनियर आत आले. "आबाजीराव, बाही बघू द्याल? आमची पैज लागलीय. आमचे फिटर म्हणतात आत स्प्रिंग आहे, मी म्हणतो घड्याळाचं यंत्र आहे. त्या थरथरण्यातच सगळं आहे, एवढं आम्ही ओळखलं!"

आबांनी कोट काढून दिला. त्यांनी बाही उलटी केली, दिव्याशी धरली. आत फक्त माझी शिवण होती. वाकडी! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"काहीच नाही," साहेब म्हणाले, आणि त्यांनी आबांना वाकून नमस्कार केला.

परतताना आबांच्या डोळ्यांत पाणी होतं. "पन्नास वरसं मी डाव्या हातावरची नजर काढायला मेलो. आता उजवा आपणहून काढतुया. आज डाव्या हाताकडं येक माणूस बघत नव्हता!"

आम्ही सगळे हसलो. हे सगळ्यांत जास्त हसले.

मग आबा म्हणाले, "पर ध्यानात आलं त्यांच्या. मास्तर, पेटी तुमची."

"आबा, त्यांना ती जादू वाटली!" मी म्हणाले. "कंप नाही वाटला!"

"वाटंना का. बघितला तर हातच. शब्द म्हंजी शब्द."

त्या दिवसानंतर आबा स्टेजवर चढले नाहीत.

*

ह्यांचा पहिला खेळ इंदापुरात, शाळेच्या हॉलमध्ये. आदल्या वर्षी आबांनी तिथंच खेळ केला होता. ह्यांनी आठ दिवस धड जेवण केलं नाही. मी त्यांच्या वाटचं काळजीनं खाल्लं. हॉलमध्ये पहिल्या रांगेत आबा, त्यांच्या मांडीवर नंदा, आणि शेजारी मी, ओठ चावत.

हे उभे राहिले ते इन्स्पेक्टर आल्यासारखेच. पण हात! काय सांगू, पाणी वाहावं तसे हात चालले होते. पिशवी उलटी, पिशवी सुलटी, कुठं घाई नाही, कुठं अडखळणं नाही. अंडं अलगद बाहेर आलं. मी आबांकडे बघितलं. त्यांचा चेहरा फुलला होता.

हॉल मात्र गप्प. दोन-चार टाळ्या, त्याही त्या शाळेतल्या मास्तरांच्या.

पुढं बसलेली दोन वेण्यांची एक मुलगी उभी राहिली. "मास्तर, ही खरी जादू न्हाय."

"का गं?" ह्यांनी विचारलं.

"तुमचा हात हललाच न्हाय! गेल्या साली आबांचा हलला हुता. असा." तिनं उजवा हात पुढं करून लटलट हलवून दाखवला. तिच्यामागं दुसरीनं. मग तिसऱ्यानं. बघता बघता हॉलभर पोरांचे उजवे हात थरथरायला लागले. "हात हलवा! हात हलवा!"

मी आबांकडे बघायचं धाडस केलं नाही.

ह्यांनी घाम पुसला. अंडं पुन्हा पिशवीत गेलं. उजवा हात पुढं आला आणि हे तो थरथरवायला लागले. काय ते थरथरवणं! पिठाची चाळणी हलवावी तसं. खांदा हलला, मान हलली, पिशवी निसटली आणि अंडं फट्‌दिशी फळीवर फुटलं.



आबांनी नंदाला माझ्या मांडीवर दिलं, दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून सावकाश उठले आणि स्टेजकडे बघून म्हणाले,

"दमानं, मास्तर, दमानं! त्येला सत्तर वरसं लागत्यात."